चार जीबीच्या वरची फाईल

मी जळकुकडा माणूस आहे. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना कुणी मला गरीब बिचारा मास्तर समजायला नको. बायको लग्नानंतर वर्षभरातच म्हणाली होती, "तुम्हाला शेजारच्या ताटात काय वाढलंय ते बघितल्याशिवाय घास उतरत नाही." तेव्हा मी रागावून ताटावरून उठलो होतो. आता नाही उठत. खरंच आहे ते.

पण शेजारच्या ताटातला पैसाअडका किंवा गाडी-बंगला मला कधी नको होता. मला एकच गोष्ट हवी असायची. लोकांनी मला विचारावं. कुणाचं काही अडलं की "सरांना विचारा" असं कुणीतरी म्हणावं, आणि मी चष्मा कपाळावर सरकवून, उगाच थोडा वेळ थांबून, उत्तर द्यावं. बस्स. तेवढं मिळालं की मी दिवसभर उपाशी राहीन.

आणि बरीच वर्षं ते सुख मला भरपूर मिळालं. तिसगावपासून आत, एका वस्तीवर आमची जिल्हा परिषदेची शाळा आहे. पहिली ते चौथी, दोन खोल्या, दोन शिक्षक, पुढे लिंबाचं झाड. आमच्या भागातल्या मास्तरांनी कॉम्प्युटरला हात लावायला सुरुवात केली तेव्हा मी पहिल्या दोघा-तिघांत होतो. पुढे 'तंत्रस्नेही शिक्षक' असा एक शब्द निघाला आणि आमच्या केंद्रात तो मलाच चिकटला. केंद्र म्हणजे आसपासच्या शाळांचा गट. त्या सगळ्या शाळांतून मला फोन यायचे. ऑनलाइन माहिती भरताना पान अडकलं, लाव सरांना फोन. प्रिंटर काळं छापतोय, लाव सरांना फोन. जेवताना फोन आला की बायको कपाळाला हात लावायची आणि मी मुद्दाम स्पीकर चालू करायचो, शेजारी ऐकू जावं म्हणून.

शाळेतला टीव्हीसुद्धा मीच आणला. वस्तीवर लोकवर्गणी निघाली, कुणी नोटा दिल्या, कुणी ज्वारीचं पोतं आणून टाकलं, आणि सगळ्यांनी मिळून मला नगरला धाडलं. "सरांना कळतंय त्यातलं," म्हणाले. मी दुकानात अर्धा दिवस बसून तो निवडला. त्याच्या सगळ्या खोडी मला पाठ आहेत. एका पावसाळ्यात व्होल्टेज वाढून त्याची लॅपटॉपची वायर लावायची जागा जळाली. तेव्हापासून त्याला फक्त पेनड्राइव्ह चालतो, आणि तोही मी तयार केलेलाच. का, ते पुढे येईल.

तर अशा माझ्या राज्यात मॅडम आल्या. दुसऱ्या जागेवर नेमणूक झाली त्यांची. माझ्या लेकीएवढ्या वयाच्या, राहात्याकडच्या. म्हणजे पाटपाण्याच्या भागातल्या. आम्ही इकडे टँकरची वाट बघत मोठे झालेलो, आणि ही बाई सोमवारी घरून येताना पेरूंची पिशवी घेऊन येणार, पोरांना वाटणार. "सर, आमच्या बागेतले आहेत, घ्या ना." घेतला मी. गोड होता. गोड होता म्हणून आणखी राग आला.

पोरं तर दोन महिन्यांत त्यांची झाली. माझी एवढी नोकरी झाली, पण मला कुणी कधी हरभऱ्याचा डहाळा आणून दिला नव्हता. मॅडमच्या टेबलावर जानेवारी लागला की हिरवागार ढीग. त्या मलाही द्यायच्या, तर मी म्हणायचो, "नको, मला हरभऱ्याने पोट धरतं." साफ खोटं. मला लई आवडतो. पण दुसऱ्याच्या टेबलावरून उचलून खायचा? छे!

हे सगळं मी गिळलं असतं. पेरू गिळले, डहाळा गिळला. गिळवेना ते एकच, की मॅडम मला काही विचारत नव्हत्या. एकदाही नाही. प्रिंटर अडला की स्वतः झाकण उघडायच्या, मोबाईलवर कुणाचा तरी व्हिडिओ लावायच्या, आणि पाच मिनिटांत प्रिंटर सुरू. मी बाजूला चष्मा कपाळावर घेऊन तयार उभा. माझ्याकडे बघून हसायच्या आणि म्हणायच्या, "झालं सर." झालं! अहो, झालं ते दिसतंय मला. तुम्ही होऊ कशाला दिलंत, ते सांगा.

मग केंद्रातले फोनही कमी झाले. आधी वाटलं, लोक शहाणे झाले असतील. एके दुपारी पलीकडच्या शाळेतल्या एका गुरुजींचा फोन आला. मी खुर्चीत सावरून बसलो, घसा खाकरला, "बोला बोला, काय अडलं?" तर पलीकडून म्हणतात, "सर, जरा मॅडमना देता का? त्यांचा लागत नाहीये." माझ्या फोनवर! माझी बॅटरी जाळून! मी फोन दिला आणि व्हरांड्यात जाऊन पोरांच्या चपला ओळीत लावत बसलो.

घरी आल्यावर बायकोने चेहरा बघितला आणि ओळखलं.

"आज काय केलं तिनं?"

"कुणी?"

"तुमच्या त्या मॅडमनी. अहो, लेकीच्या वयाची पोर ती. कशाला पोटात दुखवून घेता?"

"माझं कुठं काय दुखतंय?"

"मग जेवा की," ती म्हणाली आणि भाकरी वाढली. भाकरी खाल्ली मी, पण चव लागली नाही.

मॅडमचं तिसरं वर्ष चालू होतं तेव्हाची गोष्ट. फाट्यावर इंग्रजी शाळेची पिवळी गाडी यायला लागली होती. आमच्या पटावर पोरं एकोणीस. त्यातल्या पाच-सहा घरांत गाडीची चर्चा सुरू झाली. पोरगं टाय लावून जाईल, ए फॉर ॲपल म्हणेल, हे कुणाला नको असतं? मॅडमनी ठरवलं की पालकांना शाळेत बोलवायचं आणि आपली पोरं काय काय करतात ते टीव्हीवर दाखवायचं. त्यासाठी त्यांनी महिनाभर मोबाईलवर शूटिंग केलं. पोरं गणित करताना, लिंबाखाली वाचताना, बाजार भरवून मेथीच्या जुड्या विकताना. मग ते सगळं जोडून तासाभराची फिल्म केली.

माझंही शूटिंग करायला तीनदा आल्या. तिन्ही वेळा मी म्हणालो, "मला कामं आहेत." कामं कसली? हजेरीपटाला खाकी कव्हर घालत बसलो होतो.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी, चार वाजता पोरं घरी गेल्यावर, मॅडम लॅपटॉप घेऊन माझ्या टेबलाशी आल्या. मग म्हणाल्या, "सर, एक विचारू?"

खरं सांगतो, अडीच वर्षं मी त्या तीन शब्दांची वाट बघत होतो. चष्मा आपोआप कपाळावर गेला.

"विचारा ना."

"हा पेनड्राइव्ह बत्तीस जीबीचा आहे, रिकामा केलाय. फिल्म पाच जीबीची. तरी फाईल फार मोठी आहे म्हणतो आणि घेतच नाही. जागा असून बसत नाही, हे कसं काय?"

आता हे समजावून सांगतो, मास्तरच आहे शेवटी. पेनड्राइव्ह म्हणजे कोरी वही. तिच्यात काही लिहायच्या आधी रेघा आखाव्या लागतात. एकेरी आखायच्या, दुरेघी आखायच्या की चौकटी, हे ज्याचं त्याने ठरवायचं. त्या आखणीला फाईल सिस्टीम म्हणतात. फॅट थर्टीटू ही जुनी आखणी. ती कुणालाही वाचता येते, जुन्या टीव्हीला येते, ट्रॅक्टरवरच्या टेपलाही येते. पण तिच्यात चार जीबीच्या वरची सलग फाईल बसत नाही, मग पेनड्राइव्ह केवढाही रिकामा असो. एनटीएफएस ही कॉम्प्युटरवाल्यांची आखणी. तिच्यात केवढीही फाईल बसते, पण आमच्या टीव्हीला त्यातलं ओ की ठो कळत नाही. तिसरी एक्सफॅट. तिच्यातही मोठी फाईल बसते आणि नवे टीव्ही ती वाचतात. आमचा तीही वाचत नाही. हे मी तिन्ही आखण्या करून, टीव्हीला लावून बघितलेलं होतं. अख्ख्या वस्तीत ते ठाऊक असलेला माणूस एकच, मी. म्हणून शाळेचा पेनड्राइव्ह मी कायम फॅट थर्टीटू करून ठेवायचो. छोटे छोटे व्हिडिओ त्यावर बिनबोभाट चालायचे, त्यामुळे मॅडमना कधी या भानगडीत पडावंच लागलं नव्हतं.

खरं उत्तर तीन शब्दांचं होतं. दोन तुकडे करा. अडीच-अडीच जीबीचे दोन भाग, आखणी तीच, काम झालं. उत्तर माझ्या जिभेवर आलं होतं, देवाशपथ आलं होतं. तेवढ्यात मॅडम आपुलकीने म्हणाल्या, "टीव्ही जुना आहे, तुम्हीही इथले जुने आहात. म्हटलं, तुम्हालाच माहीत असेल."

जुने! त्यांच्या मनात काही नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण अडीच वर्षं साठवलेला जळफळाट माझ्या आत बसून होता, त्याला तेवढंच निमित्त पुरलं. म्हणजे कॉम्प्युटरच्या प्रश्नाला मला विचारलं नाही, टीव्ही जुना म्हणून जुन्या माणसाला विचारलं! जिभेवरचं उत्तर मी परत आत घेतलं.

"आखणी बदला," मी म्हणालो. "फॉरमॅट करताना एनटीएफएस निवडा. बसेल."

त्यांनी लगेच तसं केलं. फाईल गेली. त्यांचा चेहरा उजळला. "वा सर! गेली की." मग विचारलं, "टीव्हीवर चालेल ना?"

"चालायला पाहिजे," मी म्हणालो.

चालेल म्हणालो नाही, चालणार नाही म्हणालो नाही. आमच्याकडे हे उत्तर फार कामाला येतं. टीव्हीला लावून बघायची सोय नव्हती, कारण त्या आठवड्यात लाइट सकाळी दहानंतर यायची आणि तीनच्या सुमारास जायची. हेही मला माहीत होतंच. मॅडमनी "थँक यू सर" म्हटलं, रांगोळीचे डबे घेतले आणि स्कूटीवरून तिसगावला आपल्या खोलीवर गेल्या. लॅपटॉप शाळेचा, तो कपाटात राहिला.

पुढचं सांगायला लाज वाटते, पण सांगतो. स्कूटीचा आवाज लांब गेल्यावर मी कपाट उघडलं. लॅपटॉप बॅटरीवर सुरू केला, फिल्म उघडली आणि तिचे दोन तुकडे केले. माझ्या किल्ल्यांना एक पेनड्राइव्ह लटकलेला असतो, फॅट थर्टीटू केलेला. त्यावर ते दोन भाग घातले. माझा बेत काय होता, ते सरळच सांगतो. उद्या मॅडमचा पेनड्राइव्ह चालणार नाही. सगळे पालक बघत असतील, मॅडमना घाम फुटेल. मी दहा मिनिटं जाऊ देईन. मग उठेन, खिशातून किल्ल्या काढेन आणि टीव्ही चालू करेन. लोक म्हणतील, सर होते म्हणून. मनातल्या मनात मी ते वाक्य चार-पाच वेळा ऐकूनही घेतलं.

तुकडे करताना फिल्म थोडी बघितली. चांगली होती. काय सांगू, फारच चांगली होती. माझ्या वर्गातली जी पोरगी मला कधी नीट उत्तर देत नाही, ती कॅमेऱ्यात बघून घडाघडा बोलत होती. मी एका ठिकाणी दिसलो, पाठमोरा, घंटा वाजवताना. तीनदा बोलावूनही मीच गेलो नव्हतो, तरी मला त्याचा राग आला. पुढचं बघितलंच नाही. बरोबर मधोमध कापलं आणि लॅपटॉप बंद केला.

दुसऱ्या दिवशी साडेदहाची वेळ दिली होती. लाइट दहाला आली, पण तोवर मॅडम पोरांच्या वेण्या, दारातली रांगोळी, पाहुण्यांचे नारळ यांत गुंतलेल्या. केंद्रप्रमुख पाहुणे म्हणून यायचे होते, ते ऐन वेळी दुसरीकडे गेल्याचा निरोप आला. पालक मात्र बरेच जमले. बायका सतरंज्यांवर, गडी माणसं भिंतीला टेकून, सरपंच खुर्चीवर. ज्यांची पिवळ्या गाडीशी बोलणी चालली होती ते सगळे आले होते.

मॅडमनी छोटंसं भाषण केलं. "आपली मुलं काय करतात, ते तुम्हीच बघा आणि मग ठरवा," म्हणाल्या. पेनड्राइव्ह लावला. टीव्हीने थोडा विचार केला आणि निळ्या पडद्यावर पाटी आली की हे उपकरण वाचता येत नाही.

त्यांनी काढून पुन्हा लावला. पुन्हा तेच. फुंकर मारली, पुसला, लावला. तेच. पोरं आधी खिदळली, मग गप्प झाली. मी मागे दाराशी उभा होतो, हात खिशात, किल्ल्या मुठीत. भिंतीवरच्या घड्याळावर माझी नजर. तीन मिनिटं झाली. चार झाली.

"टीव्ही गंडला काय ओ?" कुणीतरी विचारलं.

"टीव्ही चांगला आहे," मॅडम म्हणाल्या. "माझंच काहीतरी चुकलंय. दोन मिनिटं द्या फक्त."

माझंच चुकलंय, म्हणाल्या. सरांनी सांगितलं तसं केलं, असं म्हणाल्या नाहीत. म्हणता आलं असतं.

सहा मिनिटं झाली. भिंतीपाशी बसलेल्या एका पालकाने टोपी झटकली. त्याची जुळी पोरं आमच्या पहिलीत होती आणि गाडीवाल्यांचा माणूस त्याच्या घरी दोनदा येऊन गेला होता. "चला, मला दारं धरायचीत," तो म्हणाला. "लाइट हाय तवर पानी दिऊन घ्यावं." त्याच्या मागे आणखी दोघे उठले. एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "सरकारी शाळंचं असंच ऱ्हातंय बाई." तिने ते काही वाईट मनाने म्हटलं नाही, नेहमीची गोष्ट सांगावी तसं म्हटलं.

आणि तेव्हा मॅडमनी माझ्याकडे बघितलं. सगळ्यांच्या डोक्यांवरून, थेट दारापर्यंत. त्यांच्या डोळ्यांत संशयाचा लवलेश नव्हता.

"सर, तुम्ही बघता का जरा? तुम्हालाच कळेल यातलं."

सगळ्यांच्या देखत! पाच-पन्नास माणसांनी ऐकलं. हेच तर मला हवं होतं, याहून जास्त मी मागितलंच नव्हतं. मला इतका आनंद झाला की दहा मिनिटांचा बेतही विसरलो. दुसऱ्या खोलीत जाऊन लॅपटॉपशी दहा-पंधरा मिनिटं खुडबुड केल्याचं नाटक केलं असतं, तरी सगळं निभावलं असतं. तेवढी अक्कल त्या घडीला कुठून यायची? मी सतरंजीवरून वाट काढत ऐटीत पुढे गेलो, खिशातून किल्ल्या काढल्या आणि म्हणालो, "थांबा. मी आणलंय."

पेनड्राइव्ह लावला. पडद्यावर दोन नावं आली. 'फिल्म भाग १'. 'फिल्म भाग २'.

मॅडम माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनी ती नावं वाचली. मग माझ्या किल्ल्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. हुशार बाई आहे ती. हुशार आहे म्हणून तर मी जळत होतो. पाच जीबीची फिल्म कापून पेनड्राइव्हवर घालायला किती वेळ लागतो, हे तिला सांगावं लागत नव्हतं. ते दारापासून टीव्हीपर्यंत चालता चालता होत नाही. आता ही सगळ्यांसमोर विचारणार, सर, हे तुमच्या खिशात कसं?

त्यांनी लोकांकडे तोंड केलं. "बघा," म्हणाल्या, "सरांनी आधीच तयारी करून ठेवली होती. मुलांनो, सरांसाठी पावसाची टाळी!"

पोरांनी एका बोटाने, दोन बोटांनी, मग सगळ्या हातांनी टाळी वाजवली. उठलेले पालक परत बसले. सरपंच म्हणाले, "आमचं सर हायेत म्हनून बरं हाय! न्हाईतर झाला हुता सगळा खेळखंडोबा." आणि केंद्रप्रमुखांसाठी आणलेली शाल तशीच पडून होती, ती त्यांनी उठून माझ्या खांद्यावर घातली. नारळ हातात दिला. नेमकं तेच वाक्य, वर शालसुद्धा. आणि मला ती शाल टोचत होती. तुम्ही म्हणाल पश्चात्ताप झाला असेल. तो नंतर झाला. त्या क्षणी मला काय वाटलं, तर हिने हेही माझ्याहून चांगलं केलं. मी तिला लोकांसमोर पाडायला निघालो होतो आणि तिने मला लोकांसमोर उचललं. तिच्या मोठेपणाचाही मला हेवा वाटला. एवढा मी जळका.

फिल्म झाली. मधोमध, मी कापलं होतं तिथे, ती पोरगी "मला मोठं झाल्यावर" एवढं बोलून थांबली आणि पडदा काळा झाला. दुसरा भाग लावल्यावर "डॉक्टर व्हायचंय" ऐकू आलं. लोक हसले, पण मग तिच्या आईने पदर डोळ्याला लावला. जुळ्यांचा बाप शेवटपर्यंत बसून होता. जाताना तो मॅडमना म्हणाला, "न्हाई पाठवत कुटं. राहू द्या इथंच." दारं धरायला पळत गेला.

सगळे गेल्यावर आम्ही दोघं सतरंज्यांच्या घड्या घालायला लागलो. मोठी सतरंजी एकट्याला आवरत नाही. एक टोक त्यांनी धरलं, एक मी. झटकली, दुमडली, आणि घडी जुळवायला आम्ही समोरासमोर आलो. माझ्या हातातली टोकं घेता घेता त्या म्हणाल्या, "सर, कधी केलेत दोन भाग?"

"काल," मी म्हणालो. "तुम्ही गेल्यावर."

"काल," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, आता रागावतील. रागवायला हवं होतं. मी निमूट ऐकून घेतलं असतं, हात जोडले असते, कदाचित रडलोही असतो. पण त्यांनी सतरंजी घडी करून कपाटावर ठेवली, हात झटकले आणि पुढची उचलली. "हे टोक धरा सर," एवढंच बोलल्या.

घरी बायकोने शाल बघितली. "अगं बाई, सत्कार! कशाबद्दल?" नारळ तिच्या हातात देऊन मी हातपाय धुवायला गेलो. तिने शाल घडी करून ट्रंकेत ठेवली, ती अजून तिथेच आहे.

मी माफी मागितली का? मागितली. आठवडाभराने, डबा खाताना, खाली मान घालून. "मॅडम, त्या दिवशी मी चुकीचं वागलो," म्हणालो. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "जाऊ द्या सर," म्हणाल्या. "मुलं राहिली ना, झालं." आणि खरंच मुलं राहिली. जूनमध्ये चौथी झालेली पोरं सोडली तर एकही दाखला गेला नाही, उलट दोन नवी आली. मॅडम माझ्याशी पहिल्यासारख्याच वागतात. पेरू देतात. सुट्टी टाकायची असेल तर सांगतात. डहाळ्याचा वाटा टेबलावर ठेवतात, आणि आता मी तो खातो. वरून बघणाऱ्याला काही फरक दिसायचा नाही.

या वर्षी पुन्हा पालकांना बोलवायचं ठरलं. नवी फिल्म झाली, पुन्हा चार जीबीच्या वर. आता त्यांना दोन तुकड्यांची युक्ती ठाऊक आहे, पण गेल्या वेळी त्या पोरीचं वाक्य मधेच तुटलं ते त्यांच्या मनाला लागलेलं. या वेळी अखंडच दाखवायची, असा त्यांचा हट्ट. दुपारच्या सुट्टीत त्या त्यांच्या टेबलाशी बसल्या होत्या, मी माझ्या. मध्ये तीन पावलांचं अंतर. त्यांनी कुणाला तरी फोन लावला. दुसऱ्या कुठल्या शाळेतला शिक्षक असावा, बोलण्यावरून वाटलं.

"अरे, मोठी फाईल आहे, टीव्ही जुना आहे. एकच सलग फाईल हवी. कुठला फॉरमॅट निवडू?" थोडं ऐकून म्हणाल्या, "एक्सफॅट? बरं, तो करून बघते."

एक्सफॅट आमचा टीव्ही वाचत नाही. ते मला माहीत होतं. सलग हवी असेल तर फिल्मचीच क्वालिटी थोडी उतरवून चार जीबीच्या आत आणायची, हेही माहीत होतं. तिने मला विचारलं नव्हतं. न विचारता बोलायची मला सवय नाही, आयुष्यभर मी विचारायची वाट बघत आलोय. पण या खेपेला राहवलं नाही.

"मॅडम," मी म्हणालो, "एक्सफॅट आपल्या टीव्हीला चालत नाही. मी लावून बघितलंय. फिल्म जरा कमी क्वालिटीत काढा, चार जीबीच्या आत. फॅट थर्टीटूवर सलग बसेल."

त्यांनी मान वर केली. हसल्या, अगदी नेहमीसारखं. "हो का सर? थँक यू."

आणि फोन पुन्हा कानाला लावून हळू आवाजात म्हणाल्या, "अरे, आमचे सर म्हणतात एक्सफॅट चालत नाही. क्वालिटी कमी करा म्हणतात. खरं असेल का ते?"

पलीकडचा काय म्हणाला, ते मला ऐकू आलं नाही. सुट्टी संपत आली होती. मी उठलो आणि घंटा वाजवायला गेलो.